नापासाचा गिला वडा

पास झालेल्या माणसाजवळ किस्सा नसतो. "टेस्ट दिली, पास झालो," संपलं! नापास झालेला माणूस मात्र खुर्ची पुढे ओढतो, दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे हवेत धरतो आणि म्हणतो, "ऐका, झालं असं..." अशी माणसं आठवड्याला दोन-चार भेटली, तरी किस्से साचत जातात. मी अकरा वर्षांपासून अमरावतीत एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. माझ्याकडे किती साचले असतील, तुम्हीच बघा!

आमच्याकडे तर ते भिंतीवरच साचतात. स्कूल म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, बाहेर एक बाकडं आणि एक जुनी पांढरी गाडी. गाडीचं नाव गंगी. आमचे मालक ढोले मास्तर मोर्शीकडचे. त्यांच्या घरी याच नावाची गाय होती, आणि घाई केली की तीही लाथ मारायची म्हणे. मास्तरांनी बत्तीस वर्षं बस चालवली, रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात हे स्कूल काढलं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली.

स्कूलचा नियम एकच आहे, पण तो जगात दुसरीकडे नसेल. टेस्टमध्ये पास झालेल्यानं काहीही आणायचं नाही. पेढे आणले तर मास्तर परत पाठवतात. नापास झालेल्यानं मात्र कोपऱ्यावरच्या गाडीवरून सगळ्या बॅचसाठी गिला वडा आणायचा. दही-चटणीत बुडालेला तो वडा सगळे खात असताना त्यानं मधोमध उभं राहून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय झालं? काहून, म्हणजे का, झालं? आता काय करशील? आणि मग मार्कर घेऊन खोलीतल्या भिंतीवर आपली चूक एका ओळीत लिहायची, खाली नाव.

"पेढ्याले गोष्ट नसते," मास्तर म्हणतात. "गिल्या वड्याले असते."

भिंतीवरच्या सगळ्या ओळींखाली नावं आहेत. फक्त सगळ्यात वरच्या, पहिल्या ओळीखाली नाही. "उगाच ओरडलो," एवढंच तिथं लिहिलंय, आणि अक्षर मास्तरांचं आहे. कोणाची चूक विचारलं तर मास्तर म्हणतात, "तू तुही टेस्ट पाय."

तर यंदा या भिंतीवरच गदा आली. मास्तरांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नंतर वर्षभर ते गाडीत बसलेच नाहीत, आणि त्या गडबडीत त्यांचं स्वतःचं लायसन संपलं. इतके दिवस संपलं, की आता नव्यानं टेस्ट द्यावी लागणार! दिवाळीला त्यांचा मुलगा विवेक पुण्याहून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ अट घातली.

"बाबा, एका फटक्यात पास झालात तर चालवा स्कूल, मी काही बोलणार नाही. नापास झालात तर बंद. खोली विकू आणि तुम्ही पुण्याला या."

"मंजूर!" मास्तर म्हणाले.

मले विचारलं का कोणी? माझी नोकरी, ही भिंत, सगळं त्या एका 'मंजूर'वर जाऊन बसलं! टेस्टला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी खोली उघडायची आणि भिंत वाचत बसायची. त्यातल्या काही ओळींचे किस्से सांगते.

*

पहिला माझाच, नाहीतर म्हणाल बाई लोकांचीच उणीदुणी काढते.

माझी टेस्ट होती तेव्हा मी आदल्या दिवशीपासून जेवले नव्हते. टेस्ट घेणारे साहेब बाजूला बसले. मी बेल्ट लावला, आरसा नीट केला, मागे पाहिलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, हळूच क्लच सोडला. सगळं शिकवल्याबरहुकूम! पण गंगी काही हलेना. पुन्हा क्लच, पुन्हा गिअर. घामाच्या धारा लागल्या. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी अगदी मायेनं म्हणाले,

"ताई, चाबी फिरवता का जरा?"

बाजूला एक पिकअप घरघरत उभी होती. तिचा आवाज मला आपलाच वाटला होता!

मी रडत रडत गिला वडा वाटला. मास्तरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बाजूच्या गाडीचा आवाज इतका होता की..."

"तिले मंधात आणू नको," मास्तर म्हणाले. "ते पास झाली. तू काय केलं ते सांग."

भिंतीचा हा खरा कायदा. ओळीत साहेब नको, ऊन नको, गाडी नको, बाजूवाला नको. फक्त मी. मग मी लिहिलं, "चाबी फिरवली नाही. — सुनंदा."

दुसऱ्या खेपेला पास झाले. तर मास्तर म्हणाले, "इथंच शिकवाले राह्य. जे भेली नाही, तिले शिकाऊचं भेव काय समजते?" तेव्हापासून मी डावीकडच्या सीटवर आहे. डावीकडे शिकवणाऱ्याच्या पायाशी दोनच पायडल असतात, क्लच आणि ब्रेक. रेस देण्याचं पायडल फक्त शिकाऊकडे. नवीन माणूस पहिल्या दिवशी थरथरत बसला की मास्तरांचं वाक्य ठरलेलं असायचं, "घाबरू नको, ब्रेक माह्यापाशी हाये!" आता तेच वाक्य मीही म्हणते.

*

देशपांडे सर एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. गाडी शिकायला आले ते वही घेऊन. रिव्हर्समध्ये खांबांमधून गाडी काढायची असते, तर सरांनी आकृतीच काढली.

"मॅडम, गाडीचा टर्निंग रेडियस हा, खांबांतलं अंतर हे. म्हणजे खांब पडणं थिऑरेटिकली शक्यच नाही."

टेस्टमध्ये चार पाडले.

गिला वडा झाला, प्रश्न झाले, सरांनी मार्कर घेतला. लिहिलं, "खांब नियमापेक्षा जवळ रोवले होते." मास्तर उठले आणि फडक्यानं पुसून टाकलं. सरांनी लिहिलं, "ऊन डोळ्यांवर आले." पुसलं! "स्टिअरिंग जड आहे."

"गंगीले बोल लावू नका सर," मास्तर म्हणाले, "मुकं जनावर हाये ते."

अर्धा तास सर भिंतीसमोर उभे. एवढा शिकलेला माणूस, पण 'मी' म्हणून वाक्य सुरू करायला हात उचलत नव्हता. मला तर त्यांची दयाच आली. शेवटी लिहिलं, "मी आरशात पाहिलेच नाही. — देशपांडे."

पुढच्या खेपेला सर पास झाले. आता कॉलेजात ज्याचं प्रॅक्टिकल चुकेल त्याला ते जर्नलमध्ये 'माझे काय चुकले' असं एक पान लिहायला लावतात. पोट्टे शिव्या देतात म्हणे. सरांना नाही, आमच्या मास्तरांना!

*

सलीमभाई वरूडचे, संत्र्याचा व्यापार. इतके दिवस टेम्पोला ड्रायव्हर होता. तो सोडून गेला, म्हणून स्वतःच आले.

"बाई, मी तं ट्रॅक्टरवरच लहानाचा मोठा झालो. मले शिकवू नका, फक्त टेस्टले घेऊन चला."

मी म्हटलं, चला बाबा!

सरळ गाडी चालवली ती अशी, की साहेबही खूश. मग रिव्हर्स आला. सलीमभाईंनी शांतपणे बेल्ट काढला, दरवाजा उघडला, अर्धं अंग बाहेर काढलं, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि मागे पाहत स्वतःच स्वतःला ओरडायला लागले, "आन दे... आन दे... आन दे... बस्स!"

मागचा एकही खांब पडला नाही. बाजूचे दोन मात्र उघड्या दरवाजानं झोपवले.

साहेब म्हणाले, "भाई, गाडी में बैठ के चलाना पडता है!"

भिंतीवर ओळ आली, "गाडीत बसून चालवली नाही. — सलीमभाई, वरूड." गिल्या वड्यासोबत त्यांनी संत्र्याची एक पेटीही आणली. सगळे हसून हसून खात होते, पाठीवर थापा मारत होते. सलीमभाई मला हळूच म्हणाले, "बाई, नापास होने में इतनी इज्जत मिलती है, तो मैं पहले क्यूं नहीं हुआ?"

*

आता कुसुमकाकू. यांच्याशिवाय भिंत नाही!

वय एकसष्ट. लेक अकोल्याला दिलेली. काकांनी गाडी घेतली, वर्षभर चालवली आणि कंबर धरून बसले. गाडी अंगणात तशीच उभी. एक दिवस काकू आमच्या बाकड्यावर येऊन बसल्या. "अकोल्याले पोरीकडं जाचं म्हटलं तं दर खेपेले कोनाचं तरी तोंड पाहा लागते. मले नाही पाहाचं आता. शिकवा."

काकू चारदा नापास झाल्या. चारही ओळी भिंतीवर एकाखाली एक आहेत, आणि चूक एकदाही तीच नाही.

पहिली, "इंडिकेटर समजून वायपर सुरू केला."

दुसरी, "साहेबाले नमस्कार केला." म्हणजे चालत्या गाडीत साहेब म्हणाले, "छान चालवता काकू," तर काकूंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले! साहेबांनीही घाबरून हात जोडले म्हणे, पण ते वेगळ्या कारणानं.

तिसरी, "गिअरकडे पाह्यलं, रस्त्याकडे नाही."

चौथी मला सगळ्यात आवडते. "आता पास होतेच असं वाटलं."

पाचव्या खेपेला पास झाल्या आणि तोंड पाडून खोलीत आल्या. मी उठून विचारलं, "काकू, काय झालं?"

"पास झाली न व."

"मग तोंड पाडलं कशाला?"

"लिहाले काहीच नाही ना आता! अन् उद्यापासून इथं येऊ कायले?"

मास्तरांनी तिथल्या तिथं हुकूम काढला, "यापुढं तीन प्रश्न विचाराचं काम कुसुमताईचं." तेव्हापासून काकू महिन्यातून दोन रविवार स्वतः गाडी चालवत अकोल्याला जातात आणि बाकी दिवस आमच्या बाकड्यावर असतात. नापास होणाऱ्याची सुटका नाही. एकदा एक पोट्टं "नर्व्हस झालो" म्हणालं, तर काकूंनी वडा खाली ठेवला. "नर्व्हस तं मीबी झालती. पाय कोन्त्या पायडलवर होता ते सांग!"

*

आणि आमची पूर्वा. इंजिनिअरिंगची पोरगी, जन्मात कधी नापास झालेली नाही. टेस्टही पहिल्याच फेरीत पास! लायसनसोबत फोटो काढून सगळ्यांना पाठवला. भिंतीकडे बघून म्हणाली, "बापरे, इतके लोक नापास होतात?"

आठच दिवसांनी गिला वडा घेऊन दारात उभी. घरी गाडी मागे घेताना स्वतःच्याच घरचं गेट आडवं केलं होतं.

"मॅडम, मला लिहायचंय."

"पास झालेल्याले भिंत नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, पण गेट पडलं ना!"

"ते तुया बापाले सांग."

दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी मास्तर म्हणाले, "लिहू द्या पोरीले. फकस्त गेटाची चूक लिहू नको." पूर्वानं लिहिलं, "पास झाले म्हणून शिकायचं सोडलं. — पूर्वा." काकूंनी ओळ वाचली, मान डोलावली आणि मगच वड्याची प्लेट हातात घेतली.

*

तुम्ही म्हणाल, मास्तरांचं स्वतःचं काय? तर मास्तर आपली फजिती मिठमसाला लावून सांगतात. त्यांच्या बसच्या दिवसांतला अकोल्याचा किस्सा तर प्रत्येक बॅचला ठरलेला.

नोकरीचा पहिलाच महिना. अकोल्याहून अमरावतीची बस. वाटेत एका फाट्यावर चहाला थांबले. मास्तर चहा पिऊन सीटवर बसले, मागून दरवाजा लागल्याचा आवाज आला, गाडी काढली. मूर्तिजापूर आलं. मास्तर मागे वळून म्हणतात, "भाऊ, इथं किती उतरणार?" कोणी बोलेना. कंडक्टर फाट्यावरच राहिलेला!

"अन् पब्लिक?" आम्ही विचारायचो.

"पब्लिक एकदम चूप! चहानंतर चढलेल्याईले तिकीट कोन मागणार होतं? एक म्हातारा तं मले म्हने, 'भाऊ, चालू द्या, लय चांगली गाडी हाये.'"

तेव्हापासून मास्तर घंटी ऐकल्याशिवाय बस हलवत नसत. हे सगळं ते इतकं रंगवून सांगतात, की वाटतं या माणसानं आयुष्यात काहीच लपवलं नाही. फक्त त्या पहिल्या ओळीचं नाव काढलं, की उठून चहा सांगायला बाहेर जातात.

*

टेस्टचा दिवस जवळ यायला लागला. मी म्हटलं, "मास्तर, गंगीवर एक राऊंड मारून पाहा ना."

"मले? प्रॅक्टिस?" मास्तर बसल्या जागी ताठ झाले. "बत्तीस वर्षं बस चालवली म्या!"

"बस चालवली. गाडी कधी चालवली शेवटची?"

खरी गोष्ट अशी होती, की चौदा वर्षांत मास्तर गाडीच्या उजव्या सीटवर बसलेच नव्हते. गंगीत उजवीकडे नेहमी कोणीतरी शिकाऊ. मास्तरांना संध्याकाळी घरी सोडणं हाही शिकवणीचाच भाग होता. बाकी गावात फिरायला त्यांची स्कूटर.

काकू बाकड्यावरून म्हणाल्या, "भिंतीवर माही चवथी ओळ वाचा बरं मास्तर."

मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर त्याला अर्धा तास सुनावलं असतं! मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. चाळिशीत मी दुसरी नोकरी कुठे शोधायची? आणि ही भिंत तर कुठेच मिळणार नव्हती.

*

टेस्टच्या दिवशी सकाळी विवेक ट्रॅव्हल्सनं आला आणि स्टॅंडवरून ऑटोनं सरळ टेस्टच्या मैदानावर. हा अडतीस वर्षांचा माणूस, पुण्यात मोठ्या पगारावर, पण स्टिअरिंगला हात लावत नाही. बत्तीस वर्षं बस चालवणाऱ्याचा मुलगा! का, ते कोणी सांगत नसे, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

कुसुमकाकू स्वतःच्या गाडीनं आल्या. देशपांडे सर लेक्चर सोडून आले. सलीमभाई वरूडहून आले आणि येताना संत्र्याची पेटी घेऊन आले. मी म्हटलं, "भाई, पास झाले तर?" म्हणाले, "तो भी खाएंगे, बाई. संतरे को क्या मालूम?"

मास्तरांचं नाव पुकारलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, ताठ चाल. साहेब गंगीच्या डाव्या दरवाजाकडे निघाले. मास्तर त्यांच्या आधी पोचले, दरवाजा उघडला, डाव्या सीटवर बसले आणि साहेबांना म्हणाले,

"बसा. बेल्ट लावा. घाबरू नका, ब्रेक माह्यापाशी हाये."

साहेब म्हणाले, "मास्तर, टेस्ट तुमची आहे."

सगळं मैदान हसलं. मास्तरही हसले, उतरले, फिरून उजवीकडे गेले.

रिव्हर्स एक नंबर झाला! एक खांब हलला नाही. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. आता फक्त चढाव राहिला होता. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न सरकू देता पुन्हा काढायची. मास्तर चढावर थांबले, झकास थांबले. साहेबांनी खूण केली. गंगीनं एक लाथ मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा लाथ, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती मागे सरकूनच.

मी डोळे मिटून घेतले. तीन वेळा झाल्यावर पुढे काही उरत नाही.

विवेकनं ऑटोवाल्याला हात केला. मास्तर त्याच्याजवळून तसेच पुढे गेले आणि मला म्हणाले, "सुनंदा, गाडी काढ. कोपऱ्यावर थांबजो. गिला वडा घ्याचा हाये."

*

खोलीत सगळे जमले, मागून ऑटोनं विवेकही आला. मास्तरांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकाला प्लेट दिली, विवेकलाही. मग मधोमध जाऊन उभे राहिले. आजवर त्या जागी उभं राहिलेल्यांना त्यांनी बसूनच पाहिलं होतं. काकूंनी प्लेट बाजूला ठेवली. काम ते काम!

"काय झालं, मास्तर?"

"चढावर गाडी बंद पडली. तीनदा."

"काहून?"

मास्तरांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "चवदा वर्षं माह्या पायाखाली दोनच पायडल होते. क्लच अन् ब्रेक. दुसऱ्याले थांबवाचंच काम केलं म्या. आज रेस द्याची वेळ आली, तं पाय ब्रेकवरून उठेच ना. रेसचं पायडल असते, हेच इसरलो."

"अन् आता काय कराल?"

यावर मास्तरांनी एकदम विवेककडे पाहिलं. "ते याच्या हातात हाये. अट तं अट."

विवेक भिंतीसमोर प्लेट हातात घेऊन उभा होता. स्कूल निघाल्यापासून तो या खोलीत कधी आलाच नव्हता, भिंत पहिल्यांदाच वाचत होता. वायपरवर हसला, नमस्कारावर तर ठसका लागेपर्यंत हसला. वाचत वाचत सगळ्यात वर पोचला आणि थांबला.

"बाबा, ही पहिली ओळ कोणाची? नाव नाही खाली."

मला वाटलं मास्तर आता चहा सांगायला बाहेर जाणार. नाही गेले.

"ते बी माहीच," मास्तर म्हणाले. "तू अठरा वर्षांचा होता. टेस्टमधी नापास होऊन आला. म्या काही विचारलं नाही तुले. सगळ्या ड्रायव्हर लोकाईसमोर ओरडलो, की ड्रायव्हरचा पोरगा अन् नापास! तवापासून तू गाडीले हात लावला नाही. मले लय वाईट वाटलं, पण सांगाची हिंमत नाही झाली. मंग हे खोली घेतली, अन् पयले ते ओळ लिहिली."

सलीमभाईंनी सोललेलं संत्रं तसंच हातात धरून ठेवलं होतं.

मास्तर विवेकच्या समोर जाऊन उभे राहिले. "आता इचारतो. काय झालं होतं?"

विवेकनं प्लेट बाकड्यावर ठेवली. "इंडिकेटर उजवा दिला होता. वळलो डावीकडे."

"काहून?"

"तुम्ही मैदानाबाहेर उभे होता, बाबा. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काकू नाक पुसत म्हणाल्या, "तिसरा राह्यला, मास्तर. तिसरा इचारा."

"आता काय करशील?"

विवेकनं दारातून बाहेर पाहिलं. बाहेर गंगी उभी होती, चाबी माझ्या हातात होती. वीस वर्षं पुण्याचं मराठी बोलणारा तो माणूस मग हळूच म्हणाला,

"ब्रेक कोनापाशी राहीन?"